आरोपी बाई असते तेव्हा

२०२५मध्ये मुंबईत चाळिशीच्या एका शिक्षिकेला अल्पवयीन विद्यार्थ्यावरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली अटक झाली. बातम्यांत पंचतारांकित हॉटेलांचे उल्लेख ठळकपणे आले. मुलावर काय गुदरलं असेल, हा प्रश्न मागे पडला.

आरोपी पुरुष असता, तर बातमी अशीच रंगली असती?

२०१२चा पॉक्सो कायदा आरोपी स्त्री की पुरुष, हे पाहत नाही. त्याचं कलम २३ विशेष न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाची ओळख उघड करायला माध्यमांना मनाई करतं. या अंकात आम्ही अशा बातम्यांचे मथळे, विशेषणं आणि छायाचित्रं तपासली आहेत. वाचकहो, तुम्हाला खटकलेले मथळे आम्हाला जरूर कळवा.