क्रमांक २७६ आणि बाकीचे सगळे

बंदी क्रमांक २७६. नाव दूधनाथ तिवारी. बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या चौदाव्या पलटणीतला शिपाई. गुन्हा : बंड आणि पलटण सोडून पळून जाणे. शिक्षा : जन्मठेप, काळे पाणी, बेड्या घालून मजुरी. शिक्षा सुनावली गेली झेलमला, १८५७ साली. पोर्ट ब्लेअरच्या वसाहतीत दाखल, एप्रिल १८५८.

एका माणसाचे आयुष्य एवढ्या चार ओळींत बसवता येते, हे सरकारी नोंदवहीचे सामर्थ्य आहे आणि तिचा कोरडेपणाही. ज्याची उमेदीची वर्षे बँकेत खातेवह्या तपासण्यात गेली, त्याला या नोंदींची भाषा परकी वाटत नाही. रकाने तेच, कारकुनी अक्षराचे वळण तेच. फक्त तिथे रकमांच्या जागी माणसे आहेत.

बँकेत काम केलेल्या कोणालाही एक गोष्ट ठाऊक असते. ज्याचा हिशेब चोख जुळतो, त्या खातेदाराविषयी बँकेला काहीच माहिती नसते. नाव, पत्ता, सही, संपले. पण तफावत पडू द्या, मग बघा! स्मरणपत्रे जातात, खुलासे येतात, वरिष्ठांचे शेरे पडतात, आणि बघता बघता फाईल जाड होते. काळ्या पाण्यावर गेलेल्या कैद्यांच्या दप्तरांचेही तसेच आहे. मुकाट्याने दगड फोडून मेला, त्याची एक ओळ. ज्याने हिशेब बिघडवला, त्याचे बाड.

दूधनाथने हिशेब बिघडवला. डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा अधिकारी दोनशे कैद्यांना घेऊन १० मार्च १८५८ रोजी अंदमानात उतरला होता. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २३ एप्रिलला, रॉस बेटावरून एक मोठी टोळी पळाली. दूधनाथ त्यांत होता. ब्रह्मदेश जमिनीने जोडलेला आहे, चालत गेले की गाठता येईल, अशा समजुतीने कैदी रानात घुसत आणि भुकेने किंवा तिथल्या मूळ रहिवाशांच्या बाणांनी मरत. जे परत आले किंवा पकडले गेले, त्यांपैकी ८० हून अधिक जणांना वॉकरने फासावर चढवले. दूधनाथच्या सोबत्यांना अंदमानी लोकांनी मारले, तो जखमी होऊन वाचला. कसा कोण जाणे, त्यांना त्याची दया आली. त्यांनी त्याला आपल्यात घेतले, आणि तो वर्षभर त्यांच्यासारखाच राहिला. लिपा नावाच्या तरुणीशी त्याचे लग्नही लावून दिले.

मे १८५९ मध्ये हा माणूस अचानक इंग्रजांच्या छावणीत हजर झाला. अंदमानी लोक मोठा हल्ला करणार आहेत, ही खबर घेऊन. १७ मे रोजी जी चकमक झाली, तिला इतिहासात ॲबर्डीनची लढाई म्हणतात. धनुष्यबाण घेऊन आलेल्यांपुढे बंदुका आणि तोफा सज्ज होत्या. दूधनाथला १८६० मध्ये माफी मिळाली आणि तो सुटला. ज्यांनी त्याला जीवदान दिले, त्या ग्रेट अंदमानी जमातीची संख्या तेव्हा काही हजार होती. आज ती पन्नासच्या आसपास उरली आहे. त्या लढाईने त्यांचा घात केला, त्याहून अधिक पुढच्या काळात साथींनी केला.

आता सांगा, या माणसाला काय म्हणायचे? १८५७ चा बंडखोर म्हणून त्याचा सत्कार करायचा, की उपकारकर्त्यांना विकणारा म्हणून धिक्कार? कादंबरीकाराला असा माणूस सापडला की त्याची झोप उडते. पण इथे कादंबरीकाराने जरा दमाने घ्यावे. दूधनाथबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे त्याच्याच जबानीतून आलेले आहे. ती जबानी त्याने दिली फासाची दोरी डोळ्यांपुढे असताना, ज्यांच्या हातात ती दोरी होती त्यांना. बोलला हिंदुस्तानीत, कागदावर उतरली इंग्रजीत. परत का आला, हे त्याने सरकारला सांगितले. स्वतःच्या मनाला काय सांगितले, हे कोणत्याही रकान्यात नाही. आणि लिपाची जबानी तर कोणी घेतलीच नाही. कागदोपत्री ती दूधनाथच्या गोष्टीपुरतीच जिवंत आहे.

वसाहतीच्या दप्तरातून कैद्याचे आयुष्य शोधणाऱ्याने हे पहिले कलम पाठ करावे : कागद खोटा नसेलही, पण तो कोणासाठी तरी लिहिलेला असतो.

शेर अली आफ्रिदीचे उदाहरण घ्या. पेशावरला खुनाच्या आरोपावरून शिक्षा झालेला हा पठाण अंदमानात चांगल्या वर्तणुकीचा कैदी म्हणून गणला जात होता. न्हाव्याचे काम करण्याइतका त्याच्यावर विश्वास होता. म्हणजे सरकारने त्याच्या हाती वस्तरा दिला होता! ८ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी त्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याला भोसकून ठार केले. त्या सकाळपर्यंत वर्तणुकीचा शेरा बिनतक्रार होता. शेरा लिहिणारा खोटे बोलत नव्हता. त्याला रकाना दिसत होता, माणूस दिसत नव्हता.

आपल्याकडचे उदाहरण वासुदेव बळवंत फडक्यांचे. बंड करण्यापूर्वी ते पुण्यात सरकारच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून होते, म्हणजे रकाने भरण्याचे काम त्यांनीही केले होते. १८७९ मध्ये पकडले गेले, जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला नेले. फेब्रुवारी १८८३ मध्ये ते तुरुंगातून निसटले, पुन्हा सापडले, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला तिथेच वारले. त्यांच्याविषयी सरकारने भरपूर लिहून ठेवले, कारण सरकार त्यांना भ्यायले होते. भीतीने दप्तर जपून ठेवले आणि पुढच्या पिढ्यांच्या आदराने ते वाचले.

पण ज्यांना कोणी भ्यायले नाही, त्यांचे काय? १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला गेले. त्यांनी तिथे रस्ते बांधले, पूल बांधले. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये बोटीतून तिथे उतरला, तेव्हा या हिंदी कैद्यांचे रूप आणि वागणे पाहून तो प्रभावित झाला आणि त्याने ते लिहून ठेवले. सिंगापूरला १८२५ पासून कैदी जात होते. तिथले सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि गव्हर्न्मेंट हाऊस त्यांच्या हातचे. आज पर्यटक म्हणून आपली मंडळी तिथे जातात, त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे फोटो काढतात. चुना कोणी मळला, हे कोण विचारणार?

या लोकांच्या नोंदी आहेत, पण विखुरलेल्या. खटल्याचा कागद एका गावी, तुरुंगातली नोंद दुसऱ्या, जहाजावरची यादी तिसऱ्या आणि मृत्यूची नोंद समुद्रापलीकडे. मुंबईचे पुराभिलेखागार १८२१ पासूनचे, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार वेगळे, लंडनचे इंडिया ऑफिस दप्तर आणखी वेगळे. या चार ठिकाणच्या कागदांचा ताळमेळ घालणे म्हणजे चार शाखांची वर्षानुवर्षे न जुळलेली खाती जुळवणे. त्यात नावांचे हाल. साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले, तसे त्याने लिहिले, आणि पुढच्या कारकुनाने त्यात आपली भर घातली. मग शोधणाऱ्याच्या हाती उरतात उंची, अंदाजे वय, जात आणि अंगावरच्या खुणा. डाव्या भुवईवरचा व्रण, चेहऱ्यावर देवीचे वण. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत तर १८४९ पर्यंत कैद्याच्या कपाळावरच गुन्हा गोंदवत. पुढे अंदमानात गळ्यात बिल्ला आला : क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख, सुटकेची तारीख. आईने ठेवलेले नाव शोधायचे, तर आधी सरकारने दिलेला क्रमांक शोधावा लागतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी? ऑस्ट्रेलियाने त्याचे एक उत्तर दिले आहे. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने तिथे सुमारे १ लाख ६२ हजार कैदी धाडले. कित्येक पिढ्या त्यांचे वंशज ही गोष्ट लपवत होते. आज तेच लोक पणजोबाने कापड चोरले की मेंढी, हे अभिमानाने सांगतात. २००७ मध्ये तिथली कैद्यांची दप्तरे युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली. आपण मात्र दोन टोकांना उभे आहोत. एक तर घराण्यातला असा माणूस वंशावळीतून खोडून टाकायचा, नाही तर त्याला थेट स्वातंत्र्यवीर करून टाकायचे. अंदमानात गेलेले राजबंदी वंदनीय आहेतच, त्यांचे ऋण फिटणारे नाही. पण तिथे पाठवलेल्यांत बहुसंख्य माणसे चोरी, दरोडा, मारामारी, खून अशा गुन्ह्यांची होती. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत सेल्युलर जेल ज्यांनी वीट वीट रचून उभे केले, तेही कैदीच. त्यांतले काही खरेच क्रूर असतील, काही दुष्काळात सावकाराच्या कोठारावर चालून गेलेले असतील, काही निव्वळ निरपराध. सगळ्यांना एकच हार घालणे हाही त्यांना विसरण्याचाच प्रकार आहे. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला कोणी त्याची हकिगत विचारत नाही.

आणि हकिगत एकट्या कैद्याची नसते. नवरा काळ्या पाण्यावर गेला म्हणजे मागे राहिलेली बाई धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. तिने कुंकू लावावे की पुसावे? समुद्र ओलांडलेल्याची जात गेली, म्हणून मुलांच्या सोयरिकी अडल्या असतील. अंदमानात पुढच्या काळात वर्षाकाठी एक पत्र लिहिण्याची मुभा होती. ज्याला लिहिता येत नव्हते, त्याने कोणाकडून लिहवले असेल आणि गावात ते कोणी वाचून दाखवले असेल? ही खाती सरकारने कधी उघडलीच नाहीत. ती असलीच तर घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात असे वाटते. मुंबई इलाख्यातून समुद्रापार धाडलेल्या कैद्यांची मराठीत, गाव-तालुक्यानुसार सूची तयार व्हावी. विद्यापीठांचे इतिहास विभाग, सरकारी दप्तरखाना आणि निवृत्तीनंतर हाताला काम शोधणारे आमच्यासारखे कारकून एकत्र आले, तर हे अशक्य नाही. ताळमेळ घालायला पीएच. डी. लागत नाही, चिकाटी लागते. दिल्लीच्या अभिलेखागारातले पुष्कळ कागद आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात. कागद आपल्यापर्यंत आला आहे, आपणच अजून निघालेलो नाही.

दुसरी गोष्ट घरातली. दिवाळीला, लग्नकार्याला मंडळी जमतात, तेव्हा आजी-आजोबांना एकदा विचारा : आपल्यातला कोणी काळ्या पाण्यावर गेला होता का? हो म्हणाले, तर गावाचे नाव, अंदाजे साल, बापाचे नाव आणि गुन्हा एका वहीत लिहून ठेवा. गुन्हा चोरीचा असेल, तर चोरीच लिहा. दीडशे वर्षे तो माणूस नुसता क्रमांक होऊन पडला आहे. त्याला नाव परत देताना त्याची चूक वजा करायची काही गरज नाही.