कोड पुसला म्हणजे गिझर दुरुस्त झाला नाही

थंडी पडली की गिझर दुरुस्त करणाऱ्या कारागीर बंधूंना उसंत मिळत नाही. वायरिंग, प्लंबिंग आणि गॅसच्या कामात आपले अनेक तरुण आहेत आणि कष्टाने कमावत आहेत. परंतु या धंद्यात एक नवी सवय शिरली आहे. तिच्याविषयी आपसात स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

आजकालच्या बऱ्याच गिझरवर छोटा पडदा असतो. काही बिघडले की त्यावर 'ई१', 'ई३' असा कोड उमटतो. मिस्त्री येतो, कोड पाहतो आणि लगेच सांगतो, "बोर्ड गेला." हजारो रुपयांचा बोर्ड बसतो. कधी गिझर चालू होतो, कधी आठ दिवसांनी तोच कोड पुन्हा उमटतो. दुसरा मिस्त्री त्याहून पुढे जातो. ज्या सेन्सरमुळे कोड येतो त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून तो मोकळा होतो. कोड गेला, ग्राहक खूश, मजुरी खिशात. पण बिघाड होता तेथेच राहिला.

कोड म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. दुखणे कोठे आहे एवढेच तो सांगतो, का आहे ते सांगत नाही. शिवाय एकाच आकड्याचा अर्थ दोन कंपन्यांच्या गिझरमध्ये वेगळा असू शकतो. म्हणून त्या मॉडेलचे माहितीपुस्तक पाहिल्याशिवाय निदान सांगणे म्हणजे अंदाज विकणे होय.

गॅस गिझरचे उदाहरण घ्या. ज्योत पेटत नसल्याचा कोड आला तर तपासणी बिनखर्चाच्या कारणापासून सुरू झाली पाहिजे. सिलिंडर संपला आहे का? गॅसचा कॉक पूर्ण उघडा आहे का? नवीन सिलिंडर लावल्यावर नळीत हवा राहिली आहे का? दीड व्होल्टचे दोन सेल उतरले आहेत का? मग ठिणगीच्या इलेक्ट्रोडवर आणि ज्योत ओळखणाऱ्या कांडीवर काजळी धरली आहे का, ते पाहावे. त्यानंतर गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आणि सर्वांत शेवटी बोर्ड. पाणी सोडल्यावर ठिणगीचा टकटक आवाजच येत नसेल तर पाण्याचा दाब आणि आत येणाऱ्या पाण्याची जाळी आधी पाहावी. पुष्कळदा सारा बिघाड त्या जाळीतल्या कचऱ्यात असतो.

विजेच्या गिझरचेही तसेच आहे. आधी मेन स्विच बंद करावा, मग मीटर लावावा. दोन हजार वॅटचे एलिमेंट चांगले असेल तर साधारण २६ ओहम दाखवते. तापमानाचे अनेक सेन्सर २५ अंशांवर सुमारे १० किलोओहम दाखवतात आणि गरम पाण्यात धरले की हा आकडा उतरत जातो. तो उतरत नसेल तर सेन्सर बदलावा, बोर्ड कशाला? जास्त तापल्याचा कोड येत असेल तर टाकी उघडून क्षार पाहावेत. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर चुन्याचा थर बसतो आणि उष्णता पाण्यात जाण्याऐवजी एलिमेंटमध्येच कोंडते.

आता तारा जोडून देण्याविषयी. येथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. पाणी जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट जोडून टाकला आणि थर्मोस्टॅटही अडकला तर पाणी उकळत राहते. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी जाम असेल तर टाकी फुटते. वीज उतरल्यामुळे ब्रेकर पडतो म्हणून कोणी अर्थिंगची तार कापतो. ब्रेकर पडायचा थांबतो, पण गिझरच्या अंगावर वीज वाट पाहत बसते. गॅस गिझरची गोष्ट याहून भयंकर आहे. धूर बाहेर नेणारी नळी तुंबली किंवा न्हाणीघरात हवा येईना, तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. न्हाणीघरात गेलेला माणूस हाक मारण्याआधीच कोसळतो. म्हणूनच असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवला पाहिजे. ज्या गिझरने कोड दाखवून घरच्यांना सावध केले, त्याचे तोंड आपण शंभर-दोनशे रुपयांसाठी बंद करावे काय?

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. लोकांना दिसेल असे ते ओले धान्य वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ही हदीस धान्याच्या व्यापाऱ्यापुरतीच आहे असे समजू नये. ज्याने कोड दाबला त्याने ओले धान्य ढिगाखाली घातले. आणि मीटर हा आपल्या धंद्याचा तराजू आहे. तो न लावता माल खपवणे हे मापात मारण्यासारखेच आहे.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणाकडे आहे? ग्राहक तपासणीचे पैसे देत नाही, मग कमाई सुट्या भागातूनच काढावी लागते. ही तक्रार खोटी नाही. अर्धा तास तपासून "सेल बदला" असे सांगणाऱ्या प्रामाणिक मिस्त्रीच्या हातावर ग्राहक चहाचे पैसे ठेवतो आणि बोर्ड बदलणाऱ्याला मुकाट्याने हजारो मोजतो. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी ही शिकवण ग्राहकालाही आहे, आणि डोके चालवणे हीसुद्धा मजुरीच आहे. म्हणून कारागिरांनी तपासणीची मजुरी उघडपणे ठरवावी आणि काम घेण्याआधीच सांगावी. ती लपवून बोर्डाच्या किमतीत घालू नये.

कंपन्यांचीही जबाबदारी आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती लोकांना मिळावी हाच त्याचा हेतू आहे. कोडचे अर्थ मराठी, उर्दू, हिंदीत छापून गिझरच्या अंगावरच चिकटवले तर कंपनीचे काय बिघडेल?

परंतु इतरांची वाट न पाहता आपल्याला चार गोष्टी आजपासून करता येतील. बिलावर आलेला कोड आणि सापडलेले कारण लिहावे. बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा. एका मोहल्ल्यातील चार कारागिरांनी मिळून निरनिराळ्या कंपन्यांची माहितीपुस्तके जमवावीत आणि शिकाऊ मुलांना मीटर धरायला शिकवावे. चौथी गोष्ट सर्वांत अवघड. "पाहुणे आलेत, आजच्या दिवस कसाही चालू करून द्या," असे ग्राहकाने विनवले तरी सुरक्षेची तार जोडून देऊ नये. गॅस किंवा वीज बंद करावी, कारण समजावून सांगावे आणि सलाम करून निघावे.

त्या दिवशी मजुरी कदाचित बुडेल. पण त्या घरातील मूल दुसऱ्या दिवशी सुखरूप आंघोळ करून शाळेत जाईल, आणि पुढच्या हिवाळ्यात ते घर दुसऱ्या कोणाला बोलावणार नाही. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या हातून कोणाच्या जिवाला धोका होऊ न देवो.