राक्षस चालतो, शेतकरी चालत नाही

अमेरिकेत मुद्रणस्वातंत्र्याला राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे, असे भांडवली लोकशाहीचे पुरस्कर्ते अभिमानाने सांगतात आणि ते खोटे नाही. ‘ब्लेझिंग कॉम्बॅट’ या युद्धविषयक चित्रकथांच्या त्रैमासिकावर तेथील कोणत्याही न्यायालयाने बंदी घातली नाही, पोलिसांनी त्याचे अंक जप्त केले नाहीत, संपादकाला तुरुंग पाहावा लागला नाही. तरीही १९६५ मध्ये सुरू झालेले हे नियतकालिक १९६६ मध्ये चौथ्या अंकाबरोबर संपले. ते कसे संपले, हे कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहण्यासारखे आहे.

त्याचा प्रकाशक जेम्स वॉरन हा काही समाजवादी नव्हता. बड्या कंपन्यांच्या बाहेर राहून स्वतःच्या बळावर धंदा करणारा तो व्यापारी होता आणि त्याचा धंदा रक्तपिपासू पिशाच्चे, मनुष्यलांडगे आणि थडग्यातून उठणारी प्रेते यांवर उभा होता. १९६४ मध्ये त्याने ‘क्रीपी’ हे भयकथांचे नियतकालिक काढले. मोठ्या आकाराचे, कृष्णधवल आणि कॉमिक्सऐवजी ‘मॅगझिन’ म्हणून विकले जाणारे असल्यामुळे कॉमिक्स-उद्योगाची आचारसंहिता त्याला लागू होत नव्हती. ते चांगले खपले. मग त्याच वर्तुळातील चित्रकारांना हाताशी धरून वॉरनने युद्धकथांचे नियतकालिक काढले. संपादन आणि जवळजवळ सर्व लेखन आर्ची गुडविन याच्याकडे होते. ‘क्रीपी’तील राक्षसाला सुळे आणि नखे होती. येथे राक्षसाच्या जागी प्रत्यक्ष युद्ध होते, आणि त्याने कोणत्या सैन्याचा गणवेश चढवला आहे याची गुडविन फारशी तमा बाळगत नव्हता.

मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक दा नांग येथे उतरले. वर्षअखेर व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्य सुमारे १ लाख ८४ हजारांवर गेले. अशा वेळी दुसऱ्या अंकात ‘लँडस्केप’ ही छोटी कथा आली. चित्रे जो ऑरलँडो याची. कथेचा नायक एक म्हातारा व्हिएतनामी भातशेतकरी. तो छापामार नाही आणि सायगावच्या सरकारचा माणूसही नाही. राज्य कोणाचेही येवो, भाताची लावणी चुकत नाही, एवढे त्याचे राजकारण. अखेर ज्या युद्धाशी त्याचे काही देणेघेणे नव्हते तेच त्याचा बळी घेते. कथेत घोषणा नाहीत. वाचकाला पानभर त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते, इतकेच. आणि तेवढेच असह्य ठरले. (ज्या दशकात मराठी मुलांच्या हाती इंद्रजाल कॉमिक्समधून जंगलावर हुकमत गाजवणारा मुखवटाधारी गोरा ‘वेताळ’ पोचला, त्याच दशकात हा शेतकरी खुद्द अमेरिकी वाचकापर्यंत पोचू शकला नाही.)

अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या बलाढ्य संघटनेने ठोक वितरकांकडे विरोधाचा सूर लावला. लष्करी तळांवरील दुकानांनी अंक विकण्यास नकार दिला. त्या व्यवसायाची रीत अशी, की न खपलेल्या प्रती परत येतात आणि तोटा प्रकाशकाच्या माथी बसतो. म्हणजे वितरकाला वाद घालावा लागत नाही, पत्रक काढावे लागत नाही. त्याने गठ्ठ्याची दोरी सोडली नाही की काम झाले. ‘ब्लेझिंग कॉम्बॅट’चे गठ्ठे असेच परत आले.

वितरकांच्या हाती हे हत्यार कोणी दिले, हा प्रश्न मात्र डाव्या चळवळीला अडचणीचा आहे. १९५४ मध्ये भयकथांच्या कॉमिक्सविरुद्ध अमेरिकेत जे वादळ उठले त्याचा अग्रणी फ्रेड्रिक वर्थॅम हा प्रतिगामी नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गरीब कृष्णवर्णीयांसाठी मनोविकारांचा दवाखाना चालवणारा तो डॉक्टर. त्या दवाखान्याला नाव होते कार्ल मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांचे. मुलांच्या मनाचा बाजार मांडणाऱ्यांविषयीचा त्याचा संताप खराच होता. त्याच्या पुस्तकातील पुरावे मात्र सोयीने वाकवलेले होते, हे २०१२ मध्ये कॅरल टिली यांनी त्याची कागदपत्रे तपासून दाखवले. त्या वादळातून उद्योगाची आचारसंहिता निघाली आणि तिचा शिक्का नसलेले कॉमिक्स वितरक उचलेनासे झाले. ज्या विल्यम गेन्सची भयकथांची प्रकाशने त्यामुळे बुडाली, त्याच्याच संस्थेत हार्वे कर्ट्झमन याने कोरियन युद्ध चालू असताना शत्रूच्या प्रेतालाही माणूस म्हणून चितारणाऱ्या कथा दिल्या होत्या, याची त्या वेळी कोणी दखल घेतली नाही.

ब्रिटनमध्ये तर अमेरिकी कॉमिक्सविरुद्धच्या मोहिमेत कम्युनिस्ट पक्षच आघाडीवर होता. त्याचा मूळ रोख अमेरिकी सांस्कृतिक आक्रमणावर होता. १९५५ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने कायदा केला तेव्हा त्यातला साम्राज्यवादविरोध गळून पडला आणि उरली ती नीतिरक्षकांची भाषा. काय वाचले जावे हे ठरवण्याचा अधिकार मंत्री आणि घाऊक व्यापारी यांच्या स्वाधीन करताना, उद्या तो कोणाविरुद्ध वापरला जाईल याचा हिशेब मांडला गेला नाही. अमेरिकेत ज्या वितरकांना नैतिकतेच्या नावाने नकार देण्याची सवय लागली होती, त्यांना बारा वर्षांच्या आत देशभक्तीच्या नावाने तो देणे जड गेले नाही.

वॉरनला जे भोवले ते त्याच्याकडे वितरकाखेरीज वाचकापर्यंत जाण्याचा दुसरा मार्ग नव्हता म्हणून. झोळीत अंक घालून सभेच्या दारात आणि गिरणीच्या फाटकावर उभे राहण्याच्या कामाला आपल्या चळवळीत नेहमीच दुय्यम लेखले गेले. लेख लिहिणाऱ्याचे नाव छापले जाते, अंक विकणाऱ्याचे नाही.

‘क्रीपी’ १९८३ पर्यंत चालले. त्यातील पिशाच्चांना लीजनने कधी हरकत घेतली नाही. ‘ब्लेझिंग कॉम्बॅट’चे चारही अंक २००९ मध्ये एका ग्रंथात पुन्हा प्रसिद्ध झाले. तोवर व्हिएतनाम युद्ध संपून ३४ वर्षे झाली होती.