पाण्याचें खरें सोंवळें

पावसाळा लागला कीं खेड्यापाड्यांतून हगवण-ओकारीच्या बातम्या येऊं लागतात, आणि दरसाल एकच उत्तर कानीं पडतें : "टाकींत पावडर टाकलेली आहे, तशी वहींत नोंद आहे." वहींत पावडर आहे हें खरें, पण पाण्यांत आहे काय? एवढाच प्रश्न आज आम्हांला आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें ठेवावयाचा आहे.

पाण्याचें सोंवळें-ओंवळें आमच्या लोकांस नवें नाहीं. पिढ्यान् पिढ्या पाण्याची शुद्धि त्यांत काय मिसळलें यावरून ठरली नाहीं, तर त्याला कोणाचा हात लागला यावरून ठरली. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बंधूंस मोकळा करून या ढोंगावर घाव घातला. पुढें २० मार्च १९२७ रोजीं महाडास डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारों सोबती चवदार तळ्याचें पाणी प्याले. तेव्हां गांवच्या सोंवळ्या मंडळींनीं काय करावें? तळ्यांतून १०८ घागरी पाणी काढलें, त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दहीं कालवलें आणि मंत्र म्हणत तें परत तळ्यांत ओतलें! तहानेल्या माणसाच्या ओंजळीनें पाणी बाटलें आणि शेणानें तें शुद्ध झालें, असा हा न्याय.

हें भिक्षुकी सोंवळें आपण ओळखलें. परंतु त्याच्या जागीं आतां कागदी सोंवळें येऊन बसलें आहे. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर, गांवच्या पाणवठ्यांची पाहणी होते आणि पंचायतीस लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड मिळतें. पद्धत चांगली आहे. आमचा तिला विरोध नाहीं. पण हिरवें कार्ड कचेरींत टांगलें म्हणजे वर्षभर पाणी आपोआप शुद्ध राहतें, अशी समजूत करून घेणें म्हणजे जुना गंडा सोडून नवा ताईत बांधणें होय. पावडरीचें पोतें ओलींत उघडें पडून राहिलें कीं तिचा जोर उडून जातो, मग ती टाकली काय आणि राख टाकली काय, सारखेंच. कित्येक ठिकाणीं पाण्याला वास येतो अशी आपणच कुरकुर करतों, आणि पाणी सोडणारा माणूस पावडर टाकणेंच सोडून देतो. शिवाय नळ गटारांतून गेलेला असतो. पाणी बंद झालें कीं फुटक्या जागेंतून गटाराची घाण आंत ओढली जाते, आणि दुसऱ्या दिवशीं तीच आपल्या हंड्यांत येते.

हयगयीची किंमत काय पडते, तें जुलै २०२२ मध्यें मेळघाटांत दिसलें. चिखलदरा तालुक्यांतील पाचडोंगरी व कोयलारी येथें लोकांनीं उघड्या विहिरीचें पाणी प्यालें. घरोघर माणसें आजारी पडलीं व कांहीं दगावलीं. वीजबिल थकल्यामुळें वीज तोडली व नळ बंद पडले, असें त्या वेळीं वर्तमानपत्रांत आलें होतें. बिल कागदावर थकलें, आणि जीव गेले ते गरिबांचे.

मग खरें सोंवळें कोणतें? तें अगदीं सोपें आहे, आणि त्याला मंत्र लागत नाहीं. पावडर टाकल्यावर अर्धा तास जाऊं द्यावा. मग काचेच्या नळींत पाणी घेऊन त्यांत ओ.टी. औषधाचे थेंब टाकावेत. पाणी पिवळसर झालें तर क्लोरीन शिल्लक आहे असें समजावें. रंगाच्या पट्टीशीं ताडून तें लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम, आणि साथीच्या दिवसांत ०.५ मिलिग्रॅम भरलें पाहिजे. रंग आला नाहीं तर वही खोटी. तपासलेलें पाणी मात्र ओतून द्यावें, पिऊं नये. ही परीक्षा टाकीजवळ करून भागत नाहीं. ती शेवटच्या नळाला करावी, आणि बहुतेक गांवांत शेवटचा नळ गांवकुसाबाहेरच्या वस्तींत असतो. त्या वस्तीचें पाणी शुद्ध निघालें, तरच गांवचें पाणी शुद्ध.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी : पावडरीनें जंतु मरतात, पण जमिनींतून येणारें फ्लोराइड किंवा खतांचें नायट्रेट तिनें जात नाहीं. त्यासाठीं पाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत धाडलाच पाहिजे.

२०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन योजनेंत दर गांवीं ५ बायकांस पाणी तपासण्याचें शिक्षण देण्याचें ठरलें. आमच्या मतें या योजनेंतली हीच मोलाची गोष्ट. हंडा जिच्या डोक्यावर, परीक्षेची नळी तिच्याच हातीं असावी. तुमच्या गांवीं या ५ बाया कोण, त्यांची तपासणीची पेटी कोठें आहे, कीं ती कोणाच्या कपाटांत कुलूपबंद पडली आहे, हें विचारा.

आणि शेवटीं आपल्याच घरचें सांगतों. जत्रेला, सत्यनारायणाला, मानपानाला आपण कर्ज काढतों. पाणीपट्टी मात्र वर्षानुवर्षें थकवतों. विजेचें बिल, पावडर आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार यांस पैसा लागतो. पट्टी भरणाऱ्यालाच हिशेब मागण्याचें तोंड असतें.

तेव्हां येत्या ग्रामसभेंत चौघांनीं मिळून उभें राहावें आणि म्हणावें : वही नको, शेवटच्या नळाचें पाणी आणा, आणि सर्वांच्या देखत रंग दाखवा. ज्या दिवशीं आपल्या आयाबहिणी असें म्हणूं लागतील, त्या दिवशीं भटाचें आणि कागदाचें, दोन्ही सोंवळीं एकदमच गळून पडतील.