उपहासाचा आश्रयदाता कोण?

झाशी : विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या वेढ्याचे आणि लुटीचे जे वर्णन आहे, ते मराठी वाचकाच्या चांगलेच परिचयाचे आहे. त्याच पुस्तकातील गंगाधरराव नेवाळकरांविषयीची एक हकीकत मात्र फारशी चर्चिली जात नाही. महाराजांना स्त्रीवेश धारण करण्याची हौस होती. एका इंग्रज अधिकाऱ्याने या प्रकाराबद्दल पृच्छा केली, तेव्हा तुम्ही हिंदुस्थानातील सगळ्याच राजांच्या हातांत बांगड्या भरल्या आहेत, मग आमच्याच वेशाचे एवढे नवल कशाला, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. गोडसे भटजी झाशीत पोहोचले ते महाराजांच्या निधनानंतर. त्यामुळे ही हकीकत त्यांच्याही कानी आलेली, डोळ्यांनी पाहिलेली नव्हे. ती खरी असो वा नसो, १८५७ च्या सुमारास झाशीचे लोक ती सांगत होते, याला राजकीय अर्थ आहे. ज्याच्या हाती सैन्य उरलेले नाही आणि ज्याच्या तिजोरीवर रेसिडेन्सीची नजर आहे, त्याने स्वतःच्या देहालाच रंगमंच करून सत्तेचे नागडेपण दाखवावे, ही राजकीय उपहासाची फार जुनी रीत आहे.

गंगाधररावांनी झाशीत नाटकशाळा चालवली. नोव्हेंबर १८५३ मध्ये ते निवर्तले, १८५४ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले आणि नाटकशाळेचा आश्रयदाताच नाहीसा झाला. १८५८ च्या एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहर लुटले, तेव्हा राजवाड्यातला ग्रंथसंग्रहही उद्ध्वस्त झाला. राजाश्रयावर उभी असलेली कला राजाबरोबर जाते. हा धडा झाशीने घेतला त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. प्रश्न मात्र कायम आहे. राजा गेल्यावर सत्तेची टिंगल करणाऱ्याला आसरा कोणी द्यायचा? सरकारने, बाजाराने की समाजाने?

या प्रश्नाचे सर्वांत पद्धतशीर उत्तर जर्मनीने शोधले आहे. कॅबरे म्हटले की आपल्याकडे हिंदी चित्रपटांतील हॉटेलातले नृत्य आठवते. जर्मन भाषेत ‘काबारेट’ म्हणजे छोट्या रंगमंचावरून राज्यकर्त्यांची केलेली हजेरी. एक माणूस, एक पियानो, थोडी गाणी आणि त्या आठवड्यातील राजकारण. १९०१ मध्ये बर्लिन आणि म्युनिक येथे या प्रकाराची सुरुवात झाली. हिटलर सत्तेवर आल्यावर त्याची काय अवस्था झाली, हे वेर्नर फिंक या कलावंताच्या उदाहरणावरून दिसते. अर्धे वाक्य बोलून उरलेले प्रेक्षकांच्या मनावर सोपवणे हे फिंकचे वैशिष्ट्य. त्याचे ‘काटाकोम्बे’ हे रंगगृह १९३५ मध्ये बंद करण्यात आले आणि त्याला एस्टरवेगेनच्या छळछावणीत डांबण्यात आले. फ्रिट्झ ग्रुनबाउम हा व्हिएन्नाचा लोकप्रिय विनोदकार १९४१ मध्ये डाखाऊच्या छावणीत मरण पावला.

युद्धोत्तर जर्मनीने या अनुभवातून जे शहाणपण घेतले, ते कलावंतांच्या धैर्यापेक्षा संस्थांच्या रचनेत अधिक दिसते. पंतप्रधानाच्या तोडीचे पद असलेले चान्सेलर आडेनाउअर यांनी १९६० मध्ये केंद्र सरकारच्या प्रभावाखालील दूरचित्रवाणी कंपनी स्थापण्याचा प्रयत्न केला. २८ फेब्रुवारी १९६१ रोजी घटनात्मक न्यायालयाने तो हाणून पाडला. प्रसारण शासनाच्या किंवा समाजातील कोणत्याही एका गटाच्या हाती जाता कामा नये, हा त्या निकालाचा गाभा होता. प्रसारण हा राज्यांचा विषय ठरला, त्यांच्या स्वतंत्र वाहिन्यांचा संघ पुढे वाढला आणि त्यांचा खर्च सरकारी अनुदानाऐवजी नागरिकांनी भरलेल्या वर्गणीतून भागू लागला.

या रचनेचा कस मे १९८६ मध्ये लागला. चेर्नोबिलच्या अणुअपघाताला महिनाही झाला नव्हता. डीटर हिल्डेब्रांट या ज्येष्ठ कलावंताच्या ‘शायबेनविशर’ या कार्यक्रमाने (मोटारीच्या काचेवरचा वायपर असा या नावाचा अर्थ) अणुऊर्जेच्या समर्थकांची खिल्ली उडवली. बव्हेरियाच्या वाहिनीने तो भाग दाखवण्याचे नाकारले आणि त्या राज्यातील पडद्यांपुरते प्रक्षेपण तोडले. उर्वरित पश्चिम जर्मनीने तो पाहिला. एका राज्याच्या वाहिनीला घाबरता आले, सगळ्या देशाला घाबरवता आले नाही. विकेंद्रीकरणाचा एवढा रोकडा लाभ आपल्या प्रशासकीय चर्चांमध्ये क्वचितच सांगितला जातो.

हे चित्र निर्दोष आहे असे नव्हे. २००९ मध्ये ‘झेडडीएफ’ वाहिनीच्या मुख्य संपादकाची मुदतवाढ नियामक मंडळातील राजकीय प्रतिनिधींनी रोखली, तेव्हा तेथेही पक्षीय हस्तक्षेपाचा गदारोळ झाला. मार्च २०१४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने अशा मंडळांतील सरकारी आणि सरकारनिकट सदस्यांचे प्रमाण एकतृतीयांशांवर जाऊ नये, असे बजावले. २०२१ मध्ये दरमहा १८.३६ युरोंची वर्गणी एका राज्याने अडवून धरली, तीही अखेर न्यायालयाच्या आदेशानेच लागू झाली. स्वायत्तता एकदा मिळून कायमची राहत नाही, दर काही वर्षांनी ती पुन्हा मिळवावी लागते.

सर्वांत गाजलेले प्रकरण २०१६ चे. यान ब्योमरमान या विनोदकाराने तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यावर ३१ मार्च रोजी एक अश्लाघ्य कविता सादर केली. परकीय राष्ट्रप्रमुखाचा अपमान हा जर्मन दंडसंहितेच्या १०३ व्या कलमानुसार गुन्हा होता, पण खटल्यासाठी सरकारची अनुमती आवश्यक होती. चान्सेलर मेर्केल यांनी अनुमती दिली आणि त्याच वेळी ते कलमच रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये सरकारी वकिलांनी चौकशी थांबवली. १ जानेवारी २०१८ पासून कलम इतिहासजमा झाले. दुसरीकडे, हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्या कवितेतील बऱ्याच भागाच्या पुनरुच्चाराला मनाई केली, ती कायम राहिली. म्हणजे जर्मनीतही उपहासाला मोकाट रान नाही. फरक एवढाच की मर्यादा कोठे संपते, हे न्यायाधीश लेखी कारणे देऊन सांगतो आणि तोवर कार्यक्रमाच्या स्टुडिओवर कोणी हातोडा चालवत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातील वाजवी निर्बंधांच्या यादीत परकीय राष्ट्रांशी असलेले मैत्रीसंबंधही आहेत. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते तेथे आले. प्रसारणाबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये जवळपास जर्मन न्यायालयासारखीच भूमिका घेतली. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचे नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक संस्थेने करावे, असे क्रिकेट प्रसारणाच्या त्या खटल्यात सांगितले गेले. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला. मात्र महामंडळाच्या खर्चाचा मोठा दोर मंत्रालयाच्या अनुदानाशीच बांधलेला राहिला. तत्त्व जर्मनीसारखे आणि तिजोरी मंत्रालयाची, अशी ही सांगड आहे.

तरीही दूरदर्शनने उपहास अगदीच वर्ज्य केला नव्हता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मनोहर श्याम जोशी यांचे ‘कक्काजी कहिन’ आणि जसपाल भट्टी यांचा ‘फ्लॉप शो’ यांनी दलाल, ठेकेदार, डॉक्टर, कारकून यांना यथेच्छ सोलून काढले. पण त्या विनोदाचा बाण नावगाव नसलेल्या पुढाऱ्यापर्यंत जाऊन थांबे, सिंहासनावर बसलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचत नसे. त्यापूर्वी आणीबाणीत ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रतीच नष्ट करण्यात आल्या होत्या, याचे स्मरण निर्मात्यांना असणारच.

मराठी रंगभूमीचा अनुभव याहून समृद्ध आणि अधिक कटू आहे. इंग्रजांनी १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आणला तोच मुळी कोलकात्यातील एका प्रहसनाने युवराजाच्या यजमानाची टर उडवल्यामुळे. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तील कीचकात प्रेक्षकांना कर्झन दिसला आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. हा कायदा रद्द व्हायला २०१८ साल उजाडले. स्वातंत्र्यानंतर वगाला संहिता तपासून घेण्याची अट आली. तरी ‘विच्छा माझी पुरी करा’मधल्या सोंगाड्याने तपासलेल्या संहितेबाहेर जाऊन त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर बोलण्याची वाट काढलीच. काबारेट आणि वग यांचे नातेही दूरचे नाही. ब्रेख्तच्या १९२८ च्या बर्लिनमधील संगीतिकेचे पु. ल. देशपांडे यांनी १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ केले, तेव्हा ते मराठी प्रेक्षकाला परके वाटले नाही. याउलट तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात आले आणि १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेनेच ते थांबवले. कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभे केले. १९८० मध्ये हेच नाटक युरोपच्या दौऱ्यावर पश्चिम बर्लिनला निघाले, तेव्हाही त्याला घरातूनच कडाडून विरोध झाला.

हा इतिहास समोर ठेवला म्हणजे मार्च २०२५ मधील मुंबईची घटना निराळ्या प्रकाशात दिसते. कुणाल कामरा यांनी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत सादर केले. २३ मार्चच्या रात्री शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खारमधील त्या स्टुडिओची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेने त्याच जागेतील बांधकामावर कारवाई केली. कामरा यांच्यावर गुन्हा दाखल झाला, मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम अटकपूर्व जामीन दिला, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिले. गीत सभ्य होते की असभ्य, यावर दुमत होऊ शकते. बदनामी झाली असे वाटणाऱ्यास न्यायालयाचे दार उघडे आहे. परंतु कलावंताला न्यायालयाने वाचवले आणि जागेला कोणीच वाचवले नाही, ही गोष्ट दुमताच्या पलीकडची आहे. त्या जागेच्या चालकांनी ती बंद करत असल्याचे जाहीर केले. कामरा दुसरीकडे बोलू शकतात. रंगमंच मात्र एकदा बिचकला की पुढच्या शंभर अनाम कलावंतांना नकार देतो. ही सेन्सॉरशिप कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध होत नाही.

एक आक्षेप येथे रास्त आहे. संरक्षण मिळालेला उपहास बोथट होतो. म्युनिकच्या नॉकहेरबर्गवर दरवर्षी बिअरच्या मोसमी पिंपाचे उद्घाटन होते. मंत्री पहिल्या रांगेत बसतात, वक्ता त्यांची सालटी काढतो, बव्हेरियाची वाहिनी ते थेट दाखवते आणि ज्याचे नाव घेतले गेले नाही तोच मंत्री खट्टू होतो. उत्तर भारतातील होळीच्या हास्य कवी संमेलनांशी परिचित असलेल्यांना हे दृश्य नवे नाही. हसून सोडून देण्याची कला सत्तेने अवगत केली की विनोद हे तिचे आभूषण बनते. आक्षेप खरा आहे. पण दातांची धार कमी झाल्याची चिंता ज्याचे दात शाबूत आहेत त्याने करावी.

आणि उपहासाचे मूळ काही दूरचित्रवाणीत नाही. बुंदेलखंडात ‘राई’ नृत्याच्या मधल्या विसाव्यात ‘स्वांग’ रंगतात; त्यांत सावकार, भोंदू साधू, दरोगा, कोणाचीच गय होत नाही. वरात गेल्यावर वराच्या घरी मागे उरलेल्या बायका पुरुषांची सोंगे काढून आपल्यावर हुकूम गाजवणाऱ्यांची नक्कल करतात. या रंगमंचाला परवाना लागत नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी सापडतच नाही. परंतु लोकशाहीतील नागरिकाला रात्रीच्या अंधारात, पुरुष घरी नसताना मिळणाऱ्या मोकळीकीवर समाधान मानायला सांगणे, हा त्या लोकशाहीचाच अपमान आहे.

उत्तरेत शासकीय सेवेत असलेल्या मराठी वाचकाचा या प्रश्नाशी संबंध केवळ प्रेक्षक म्हणून नाही. १९६४ च्या वर्तणूक नियमांनी त्याला सरकारवर जाहीर टीका करण्यास मनाई केली आहे, आणि तरीही उत्तर प्रदेशच्या प्रशासकीय सेवेत असतानाच श्रीलाल शुक्ल यांनी १९६८ मध्ये ‘राग दरबारी’ प्रसिद्ध केली व १९६९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. यंत्रणेच्या आतला माणूसच यंत्रणेचे सोंग सर्वांत चांगले ओळखतो. पण त्याचे खरे कर्तव्य लेखणीपेक्षा शिक्क्याशी निगडित आहे. सभागृहाचा परवाना कोणत्या दिवशी तपासायचा, बंदोबस्त कोणासाठी लावायचा, मोडतोड झालेल्या जागेवर दुसऱ्या सकाळी पथक पाठवायचे की पंचनामा करून नुकसान भरून द्यायचे, हे निर्णय मंत्री घेत असतील, पण सही अधिकाऱ्याची असते. जर्मनीत उपहास टिकला तो विनोदकार शूर होते म्हणून कमी आणि नियमावर बोट ठेवून नाही म्हणणारी माणसे खुर्च्यांवर होती म्हणून अधिक. आपल्याकडे ते नियम बव्हंशी लिहिलेले आहेत. त्यांवर बोट ठेवणारा हात हवा आहे.