उरलेले १६७ तास कोणाच्या हाती?

मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन, यांस



डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला.  तोवर हा विषय सामाजिक न्याय विभागाच्या पसाऱ्यात एका बाजूला पडलेला असे. आता मंत्रालयात त्याचे स्वतःचे दार आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे. दिव्यांग माणसाला रोज उठवणाऱ्या, भरवणाऱ्या, आंघोळ घालणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणाविषयी मला लिहायचे आहे. निवासी संस्थेत त्याला काळजीवाहक म्हणतात, शाळेत मदतनीस. घरी ती बहुधा आई असते, नाहीतर ब्युरोतून आलेली बाई.

आपल्याकडच्या कायद्याची गंमत पाहा. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्यानुसार नोंदणी नसताना वाचा-उपचार किंवा विशेष शिक्षणाचा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नोंदणी टिकवायची तर अधूनमधून कार्यशाळांना बसून ठरावीक गुण मिळवावे लागतात. हे योग्यच आहे. पण असा तज्ज्ञ एका मुलाच्या वाट्याला येतो आठवड्यातून फार तर तासभर. उरलेले १६७ तास ते मूल ज्यांच्या हाती असते, त्यांनी काय शिकलेले असावे, हे विचारणारी सक्तीची व्यवस्था नाही. हजेरीपटावर नाव चढले की तो काळजीवाहक.

या कामात शिकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न फायलीवर कधीतरी येईलच, म्हणून थोडे तपशिलात लिहितो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मान मागे टाकून भरवले, तर पेज श्वासनलिकेत उतरू शकते. अशा मुलाला वारंवार होणारा न्यूमोनिया कित्येकदा हवेतला नसतो, घासातला असतो. पाठीला आधार, मान किंचित पुढे, लहान घास, आणि आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाला काखेत हात घालून ओढले, तर लुळ्या बाजूचा खांदा निखळू शकतो आणि उचलणाऱ्याची कंबर कायमची धरते. व्हीलचेअर पलंगाला तिरकी लावायची, ब्रेक लावायचे, पायटे बाजूला करायचे, गुडघ्यात वाकायचे आणि मगच उठवायचे, हा क्रम हातात बसावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीला जखमा होतात. फिट आली की अजूनही कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालतात. खरे तर कुशीवर वळवून घड्याळ पाहायचे असते आणि झटके पाच मिनिटांपलीकडे चालले तर दवाखाना गाठायचा असतो. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता, कपडे बदलण्याआधी विचारणे, अंगावरच्या वळांचा अर्थ ओळखणे, हे तर वेगळेच.

यातले काहीच सरकारदरबारी अज्ञात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या केली, तीत पगार न घेणारे आईवडीलही धरले, आणि कलम ४७ मध्ये कुटुंबीयांना व काळजी घेणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. राष्ट्रीय न्यासाची ‘सहयोगी’ योजना याच कामासाठी आहे. २०२१ मध्ये पुनर्वसन परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या साथीने गावपातळीवरचे ‘दिव्यांग मित्र’ घडवणारा सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही सुरू केला. अभ्यासक्रम आहेत, पण त्यांच्या पुढे काही नाही. प्रमाणपत्र मिळवून ना पद पक्के होते, ना पगार वाढतो. मग धुणीभांडी करून घर चालवणारी बाई सहा महिन्यांचा रोज का बुडवील? म्हणून माझे म्हणणे असे की प्रशिक्षण सक्तीचे हवे, आणि ते पगाराशी बांधलेले हवे. यातली एकच गोष्ट केली तर दुसरीही फसेल.

या कामाला माया लागते आणि माया शिकवता येत नाही, असा एक आक्षेप नेहमी येतो. तो अगदी खोटा नाही. पण मान मागे टाकून भरवणाऱ्या आईच्या मायेत काही कमी नसते. तिला कोणी दाखवलेले नसते, इतकेच. शिवाय मायेचे कौतुक करणाऱ्यांना कमी पगाराची लाज वाटेनाशी होते, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सक्ती आली की पंधरा-वीस वर्षे हे काम निगुतीने करणाऱ्या, पण सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या बायका बाहेर फेकल्या जातील आणि पदविकांची दुकाने चालवणाऱ्यांचे फावेल. ही भीती रास्त आहे, आणि तिचे उत्तर परीक्षेच्या स्वरूपात आहे. लेखी पेपर नकोच. माणसाला पलंगावरून खुर्चीत घेऊन दाखवा, भरवून दाखवा, आणि तेही मराठीत, गोंडीत, जी भाषा येते तीत बोलून. ज्यांना येते त्यांना अनुभवाच्या बळावर लगेच प्रमाणपत्र. ज्यांना येत नाही त्यांना पगारी रजेवर शिकवा. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी आणि फलकासमोरच्या सामूहिक फोटोंनी हे होणार नाही.

पैशाचा प्रश्न उरतो. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले, तेही प्रकार आठच धरून. आजच्या कायद्यात २१ आहेत. एवढ्यांच्या घरी एकदम पोहोचा, असे कोणी म्हणत नाही. सुरुवात अनुदानित निवासी शाळा आणि कार्यशाळांतल्या काळजीवाहकांपासून व्हावी, कारण त्यांचे वेतन अनुदान आपल्याच विभागातून जाते आणि अट घालण्याचा अधिकारही आपलाच आहे. प्रशिक्षणाच्या काळात बदली माणूस देण्याचा खर्च मात्र संस्थेवर ढकलू नये, नाहीतर सह्या होतील आणि माणूस तिथेच राबत राहील.

आणखी एक मागणी. शिकवायला फक्त डॉक्टर आणि थेरपिस्ट नेमले, तर काळजीवाहक दिव्यांग माणसाकडे रुग्ण म्हणूनच पाहायला शिकेल. आपल्याला कसे उचललेले चालते, हात धरून ओढलेले का खटकते, हे ज्यांना रोज दुसऱ्याच्या हातांनी जगावे लागते तेच सांगू शकतात. प्रत्येक तुकडीत असे दोन तरी प्रशिक्षक असावेत, आणि त्यांचे मानधन डॉक्टरांच्या बरोबरीचे असावे. शाल-श्रीफळावर त्यांची बोळवण करू नये. शासन निर्णयाचा मसुदा करताना हा दर त्यात आकड्यात लिहावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक नागरिक