आधी ऐका, मग हसा!

संभाषण सुधारायचे म्हणजे उच्चार शुद्ध करायचे, असा आपल्याकडे समज आहे. मला तो पटत नाही. वर्गात कुणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले की खसखस पिकते. मग तो विद्यार्थी वर्षभर शंका विचारीत नाही. घराण्यात कॉलेजची पायरी प्रथमच चढणारे आम्ही असेच गप्प बसतो. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. १९५२ साली पुस्तकरूपाने आलेली त्यांची बोलीतील गाणी वाचून आपण माना डोलावतो. आणि शेजारच्या बाकावरून बोली ऐकू आली की हसतो! मित्रहो, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्या. प्राध्यापकांनीही आधी शंकेचे उत्तर द्यावे. उच्चार पुढेही सुधारेल. मनात दाबलेली शंका मात्र थेट परीक्षेत आडवी येते.